ढोलकी, गिटार आणि करारनामा : लोकरॉक बँडवाल्यांचे प्रश्न

गोंधळ, भारूड, ओवी, लावणी ही गाणी गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गाणारे, स्वतःच्या खिशातून ध्वनिमुद्रण करणारे बँड आता जिल्ह्याजिल्ह्यांत उभे राहताहेत. त्यांच्याकडून आलेले प्रश्न गाण्यापेक्षा गाण्याभोवतीच्या व्यवहाराचेच जास्त आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही पाच जण गोंधळ आणि ओव्या गिटार-ढोलकीवर वाजवतो. आठ गाणी तयार आहेत. थेट अल्बम काढावा की एकेक गाणं सोडावं? — सांगली

आधी वाजवा, मग काढा. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ १९९० मध्ये उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम १९९३ मध्ये आला. त्यानंतरचा ‘डेझर्ट रेन’ १९९७ चा, आणि तो स्टुडिओत नव्हे तर लोकांपुढे वाजवताना मुद्रित केलेला. ‘कंदीसा’ यायला २००० साल उजाडलं. म्हणजे पहिली दहा वर्षं या बँडने मुख्यतः मंचावर काढली. आज घरच्या लॅपटॉपवर गाणं मुद्रित करून महिन्याभरात जगभर सोडता येतं, म्हणून लोक ही पायरी गाळतात. मग कुणी न ऐकलेली आठ गाणी एकाच दिवशी बाहेर पडतात आणि त्याच आठवड्यात विरतात.

आठही गाणी निदान दहा कार्यक्रमांत वाजवा. कुठल्या गाण्याला लोक खुर्ची सोडून चहाला जातात आणि कुठल्या गाण्याला मोबाइल खाली ठेवतात, ते लिहून काढा. त्यातली तीन गाणी निवडून सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने सोडा आणि आठांचा अल्बम शेवटी एकत्र करा. सुटं सोडलेलं गाणं पुढे अल्बममध्ये घालताना त्याचा आयएसआरसी क्रमांक तोच ठेवा. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक त्या ध्वनिमुद्रणाची ओळख असतो. अल्बमसाठी नवा क्रमांक घेतलात तर एकाच गाण्याची दोन खाती होतात आणि ऐकलं गेल्याची मोजणी दुभंगते. बँडचं नावही प्रत्येक वेळी एकाच स्पेलिंगने द्या, नाहीतर एका बँडची तीन पानं तयार होतात.

फाइल चोवीस बिटची वेव्ह द्या. स्पॉटिफाय आवाज −१४ एलयूएफएसच्या (हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणून वाजवतं. त्यामुळे मास्टरिंग, म्हणजे मुद्रणावर शेवटचा हात फिरवणाऱ्याने गाणं चेपून मोठं केलं तरी उपयोग नाही, ढोलकीची थाप तेवढी बोथट होते. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत वरचं टोक, −१ डीबीच्या खाली ठेवायला सांगा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. वितरकाकडे, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या सेवेकडे, सगळं तीन-चार आठवडे आधी द्या, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रकाशनाआधी किमान सात दिवस हवेत, आणि ती सोय प्रकाशन झाल्यावर मिळत नाही.

एक सूचना खास गोंधळवाल्यांसाठी. क्लिक ट्रॅक (कानात एकसारखा ठोका देणारा आवाज) लावून गोंधळ मुद्रित करू नका. त्याची लय चढत जाणारी असते आणि एका ठोक्याला बांधली की संबळ निर्जीव वाटतो. ड्रमरला क्लिक हवाच असेल तर आधी तालमीचं मुद्रण मोबाइलवर घ्या, दर आठ आवर्तनांनी लय किती वाढली ते मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये तसाच चढता टेम्पो आखून घ्या.

पारंपरिक गाण्याला कॉपीराइट नसतो असं आम्ही ऐकतो. मग आमच्या व्हिडिओवर दावा कसा आला? — कोल्हापूर, जळगाव आणि अहिल्यानगर येथून

‘पारंपरिक’ हा शब्द फार सैल वापरला जातो. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिन्ही वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात आणि वेगवेगळ्या वर्षी संपतात. भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यात मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं.

उदाहरणं घेऊ. तुकोबांचा अभंग मुक्त आहे. पण तुमच्या कानात बसलेली त्याची चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर ती मुक्त नाही. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यांच्या लावण्यांचे शब्द मुक्त आहेत. शाहीर अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांची छक्कड गावोगाव गायली जाते म्हणून लोक ती ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. बहिणाबाई चौधरींचं निधन १९५१ चं, पण गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. मरणोत्तर प्रकाशनात मोजणी प्रकाशनापासून होते, म्हणून त्या पुस्तकातली गाणी २०१३ पासून मुक्त धरायची. सिनेमात आलेल्या त्यांच्या चाली मात्र त्या त्या संगीतकाराच्या.

म्हणून गाणं निवडलं की तीन रकान्यांचा कागद करा : शब्द कुणाचे, चाल कुणाची, तुम्ही ते कुठून ऐकलंत. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ‘लहानपणापासून ऐकतोय’ असं उत्तर आलं तर बहुधा तुम्ही कॅसेटवरची, म्हणजे कुणा संगीतकाराने बांधलेली चाल ऐकत आला आहात. चाल मुक्त नसेल तर शब्द घ्या आणि चाल नवी बांधा. कर्नाटकात रघु दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकातल्या शिशुनाळ शरीफांच्या पदांना स्वतःच्या चाली दिल्या, त्याही मूळ शब्दांना धक्का न लावता.

हक्क जिवंत असलेल्या गाण्याचं नवं मुद्रण करण्याची वाट कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मध्ये आहे. मूळ मुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षं गेलेली हवीत आणि रॉयल्टी किमान ५०,००० प्रती धरून भरावी लागते. लहान बँडला हे झेपणारं नाही. हक्कधारकाला पत्र लिहून लेखी परवानगी घेणं स्वस्त पडतं.

आता दाव्याकडे. यूट्यूबची ‘कन्टेन्ट आयडी’ ही यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते, कायदा तपासत नाही. बँडवर चुकीचा दावा येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे विकतचे किंवा फुकटचे तानपुरा आणि ताल-लूप, म्हणजे परत परत वाजणारे तयार तुकडे. तोच लूप आणखी शंभर जणांनी वापरलेला असतो आणि त्यातल्या एखाद्याने आपलं गाणं कन्टेन्ट आयडीत टाकलेलं असतं. आक्षेप नोंदवताना लूपचा परवाना, मूळ प्रकल्पाची फाइल आणि तुमचे सुटे ट्रॅक जोडा. उलट बाजूही पाहा : असे लूप वापरलेलं गाणं तुम्ही स्वतः कन्टेन्ट आयडीत टाकू नका. ते वितरकाच्या नियमाविरुद्ध आहे आणि खातं बंद पडू शकतं. तानपुरा स्वतः छेडा आणि मुद्रित करा, पाच मिनिटांचं काम आहे.

एखाद्या आजींकडून ओवी घेतली असेल तर मुद्दा वेगळा. ओवी कुणाची नसली तरी त्यांनी गायलेल्या त्या सादरीकरणावर त्यांचा कलावंत म्हणून हक्क असतो, तोही ५० वर्षं. त्यांचा मुद्रित आवाज गाण्यात वापरायचा तर लेखी संमती, मानधन आणि श्रेयनामावलीत गावासह नाव, या तीन गोष्टी हव्यातच. ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासह नोंदलेल्या आहेत. तिथून घेऊन खाली नुसतं ‘पारंपरिक’ लिहिणं आम्हाला चोरीच वाटते, कायदा काहीही म्हणो.

एका कंपनीने अल्बमसाठी करार पाठवला आहे. भाषा कळत नाही, पण पैसे आगाऊ देताहेत. सही करावी का? — नाशिक

आगाऊ रक्कम बक्षीस नसते, ती तुमच्याच रॉयल्टीतून वळती होते. ते ध्यानात ठेवून करारात पाच जागा शोधा.

पहिली : हक्क ‘असाइन’ करता आहात की ‘लायसन्स’ देता आहात? असाइन म्हणजे दिले, लायसन्स म्हणजे भाड्याने. दुसरी : मुदत. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण हे संरक्षण करार गप्प असेल तेव्हाच. ‘पर्पेच्युअल’ किंवा ‘कायमस्वरूपी’ असा शब्द छापला असेल तर ते गेलं. तिसरी : घेतलेला हक्क कंपनीने एका वर्षात वापरला नाही तर तो रद्द होतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. बहुतेक छापील करारांत ते वेगळं लिहिलेलं असतंच. ते वाक्य खोडायला सांगा. चौथी : ‘निव्वळ उत्पन्नाच्या ५० टक्के’ या वाक्यातलं ‘निव्वळ’. त्यातून कुठकुठले खर्च वजा होणार, त्यांची वरची मर्यादा किती आणि हिशेब दर किती महिन्यांनी मिळणार, हे आकड्यात लिहून घ्या. पाचवी : पुन्हा मुद्रण करण्यावरची बंदी. किती वर्षं, आणि ती थेट कार्यक्रमाच्या चित्रणालाही लागू आहे का?

कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. म्हणून ‘रॉयल्टीचा सर्व हक्क सोडत आहे’ अशी ओळ दिसली तर समजावं, करार जुन्या नमुन्यावरून उतरवला आहे किंवा समोरच्याला तुम्ही अडाणी वाटला आहात.

आमचं मत : पहिल्या अल्बमला पाच वर्षांचं लायसन्स द्या, मालकी नको. ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी दर महिन्याला एक अशी चाहत्यांना फुकट उतरवून घेऊ दिली. वीस वर्षांच्या कार्यक्रमांनी तयार झालेला श्रोता हाताशी होता, म्हणून ते जमलं. नव्या बँडला ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण गाणी स्वतःकडे असल्याशिवाय ती फुकट देण्याचंही स्वातंत्र्य नसतं.

स्टुडिओ मित्राचा असेल आणि त्याने पैसे घेतले नसतील, तरी एक पानाचा कागद कराच. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याने ‘निर्माता’ असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. फुकट मुद्रणात तो कोण, यावर मैत्री तुटते.

आमच्यातला गिटारवादक बँड सोडतोय. तीन गाण्यांच्या चाली त्याच्या आहेत आणि बँडचं नावही त्यानेच सुचवलं होतं. काय त्याचं, काय आमचं? — पुणे

तुमच्या पत्रात कुठल्याही लेखी कराराचा उल्लेख नाही, म्हणून वाईट बातमी आधी. एकत्र धंदा करणाऱ्यांत करार नसेल तर कायदा त्यांना भागीदार मानू शकतो, नफा समान वाटायला लावतो, आणि अशी बिनमुदतीची भागीदारी कुणीही एक जण नोटीस देऊन मोडू शकतो. म्हणून आधी बसून बोला, वकील नंतर.

चार गोष्टी सुट्या करा. गाण्याचे शब्द आणि चाल ज्याने केली त्याची. तो गेला तरी त्या वाट्याची रॉयल्टी त्यालाच जाणार. तुम्ही ती गाणी मंचावर वाजवत राहू शकता का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. झालेल्या ध्वनिमुद्रणातला वाटा ठरला असेल तसा चालू ठेवा. पुढच्या कार्यक्रमांत त्याला काही नाही. नाव सुचवणं म्हणजे मालकी नव्हे, पण वापर सगळ्यांनी केला असेल तर एकट्याने ते घेऊन जाणंही सोपं नाही. ट्रेडमार्कचा अर्ज भरून टाका : कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, ध्वनिमुद्रणासाठी वर्ग ९. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला दर वर्गाला ४,५०० रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षांची असते. अर्ज एकाच सभासदाच्या नावाने केलात तर पुढचं भांडण तिथेच पेरलं जातं. सगळ्यांच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावाने करा.

कार्यक्रमाच्या मानधनाची वाटणी अशी करून पाहा. समजा ६०,००० मिळाले. टेम्पो ट्रॅव्हलर १५,०००, ध्वनी सांभाळणारा ६,०००, राहणं-जेवण ६,०००, तारा, बॅटऱ्या आणि ढोलकीच्या पुड्या (कातडी) ३,०००. उरले ३०,०००. पाच सभासद असतील तर सहा वाटे करा, सहावा बँडच्या खात्याचा. प्रत्येकी ५,००० येतात आणि पुढच्या मुद्रणाचा पैसा आपोआप साठतो. खर्च वजा करण्याआधी वाटणी करणारे बँड पहिल्याच रद्द झालेल्या कार्यक्रमाला अडचणीत येतात, कारण गाडीचं भाडं तरीही द्यावंच लागतं.

माणसं जाणार हे धरूनच लिहा. असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. दोघेही ‘इंडियन ओशन’चे संस्थापक. बँड त्याच नावाने, नवे सभासद घेऊन पुढे चालला.

मंचावर आमची अकूस्टिक गिटार घुमते, माईक शिटी मारतो, ढोलकी ऐकूच येत नाही. साउंडवाले बदलून पाहिले. — सातारा, बीड

साउंडवाला बदलण्याआधी त्याला कागद द्या. डेकवाल्याला सकाळी कळलेलं असतं की ‘ऑर्केस्ट्रा आहे’, आणि तो त्याच हिशेबाने चार माईक आणि दोन मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) घेऊन येतो. एका पानावर मंचाचा नकाशा आणि चॅनेलची यादी काढा : ढोलकी उजवी, ढोलकी डावी, संबळ, तुणतुणं, बेस, गिटार, पेटी दोन, मुख्य गळा, कोरस दोन. कुठल्याला डीआय बॉक्स (वाद्याची केबल मिक्सरला जोडणारी डबी), कुठल्याला माईक, मॉनिटर किती, वीज कुठे हवी, हे त्यात लिहा आणि आठवडाभर आधी पाठवा.

गिटार घुमते कारण तिची पेटी साधारण १०० ते २५० हर्ट्झमध्ये स्वतःच थरथरते आणि मॉनिटर तिला आणखी हलवतो. आधी मॉनिटरमधून गिटारचा आवाज निम्मा करा. मग साउंडहोलला रबरी झाकण लावा. मग डीआय किंवा प्रीअँपवरचं फेज बटण दाबून पाहा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. त्यानंतरही घुमत असेल तर ८० ते १०० हर्ट्झखालचं सगळं कापा आणि घुमणारी एक पट्टी शोधून तेवढीच दाबा. सगळी बास उतरवली तर गिटार पत्र्यासारखी वाजते. साध्या, बॅटरी नसलेल्या पिएझो पिकअपला (गिटारला बसवलेला, आवाज पकडणारा भाग) ॲक्टिव्ह, म्हणजे वीज लागणारा डीआय लागतो, बॅटरीवाल्या पिकअपला पॅसिव्ह चालतो. गिटारपासून डीआयपर्यंतची केबल सहा मीटरहून लांब नको.

शिटीचं कारण बहुधा मॉनिटरची जागा. एसएम ५८ सारख्या कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकून मागचं टाळणाऱ्या माईकला मॉनिटर थेट पाठीमागे, म्हणजे गायकाच्या तोंडासमोर हवा. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड असेल तर तोच मॉनिटर थोडा बाजूला, सुमारे १२० अंशांवर न्या, कारण असे माईक मागून थोडं ऐकतात. गायकाने माईकची जाळी मुठीत धरली तर दोन्ही हिशेब फुकट जातात.

ढोलकीला एकच माईक समोरून लावला की टीप ऐकू येते आणि घुमारा हरवतो. दोन माईक हवेत. उजवीकडे पुडीच्या काठाशी पाच ते आठ सेंटिमीटरवर, तिरका, आणि त्यातून १५० हर्ट्झखालचं कापलेलं. डावीकडे बाससाठीचा डायनॅमिक माईक. दोन्ही चालू करून एकाची पोलॅरिटी (फेज बटणाने) उलटी करून ऐका. दोन तोंडांचे माईक समोरासमोर असल्याने अनेकदा एकमेकांचा खालचा स्वर खाऊन टाकतात आणि एक बटण दाबताच धुम परत येतो. तुणतुण्याला कंडेन्सर माईक नको, तो अख्खा मंच ओढून घेतो. लाकडाला चिकटवायचा छोटा पिकअप पुरतो. हलगीला लहान सभागृहात माईकच लागत नाही, उलट ती गायकाच्या माईकपासून लांब उभी करा.

साउंडचेकची सुरुवात सगळीकडे ड्रम्सपासून होते. लोकगीतात शब्द कळले नाहीत तर काही उरत नाही, म्हणून आम्ही उलटं सुचवतो : आधी मुख्य गळा स्वच्छ लावा, मग त्याला न झाकता एकेक वाद्य आत घ्या.

आणि विजेचं. जत्रेत जनरेटरवर वाजवताना ओठाला माईकचा झटका बसतो तो अर्थिंग नसल्यामुळे. मंचावरची सगळी यंत्रं एकाच अर्थ असलेल्या बोर्डावर घ्या. गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारा माणूस दिसला तर कार्यक्रम थांबवा. गुणगुण डीआयवरच्या ग्राउंड लिफ्टने जाते, पिन तोडून माणूस जातो.

गायिका काळी एकमध्ये गाते, पेटी आणि गिटार जुळत नाहीत, आणि रात्री ढोलकी उतरते. — धुळे

काळी एक म्हणजे सी शार्प. कापो (गिटारच्या सगळ्या तारा एका घरात दाबणारी पकड) पहिल्या घरात लावून सीचे आकार धरा किंवा चौथ्या घरात लावून एचे. काळी दोनला पहिल्या घरात डी, पांढरी चारला तिसऱ्या घरात डी, काळी पाचला पहिल्या घरात ए. तरी बेसूर वाटत असेल तर पेटी तपासा. बऱ्याच जुन्या पेट्या ४४० हर्ट्झवर नसतात. पेटीचा पांढरी सहा, म्हणजे ए दाबून ट्यूनर ॲपमध्ये आकडा बघा आणि ट्यूनर त्या आकड्यावर ठेवून गिटार लावा. पेटी गिटारकडे येणार नाही, गिटारलाच पेटीकडे जावं लागतं.

उरलेला खटका गंधाराचा. तानपुऱ्यावर गाणारीचा शुद्ध गंधार गिटारच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, म्हणून पूर्ण मेजर कॉर्ड तिच्या सुराला टोचते. गाणं थांबतं त्या जागी कॉर्डमधून गंधार काढून फक्त सा-प वाजवा. डीएडीजीएडी हे ट्यूनिंग यासाठी उत्तम : डीला सा धरला तर मोकळ्या तारा सा प सा म प सा अशा लागतात.

ढोलकी उतरते कारण रात्रीच्या दवात कातडं सैल पडतं. नटबोल्टची ढोलकी पान्याने मंचावर चढवता येते. दोरीच्या ढोलकीला कड्या ठोकून वेळ जातो. दोन ढोलक्या ठेवा, वाजत नसलेली झाकून, हॅलोजनपासून हातभर लांब. कार्यक्रमातली गाणी पट्टीनुसार गटाने लावा, दर गाण्याला ढोलकी बदलायची वेळ येऊ देऊ नका.

स्पॉटिफायवर ७०० वेळा गाणं ऐकलं गेलं. पैसे का नाहीत? — ठाणे

२०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. शिवाय तो एकच झरा नव्हे. शब्द आणि चालीची रॉयल्टी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट संस्था गोळा करते, त्यासाठी गीतकार-संगीतकाराने सभासद होऊन प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. आपल्या कार्यक्रमात काय वाजवलं त्याची यादीही त्यांना द्या. वितरक निवडताना वार्षिक वर्गणीवाला आहे की एकदाच पैसे घेणारा, ते पाहा. वर्गणी थांबली तर गाणी उतरू शकतात.

मंडळाने कार्यक्रमानंतर अर्धे पैसे बुडवले. आणि जीएसटीचं काय? — सोलापूर

निम्मे तारीख नक्की करताना, उरलेले मंचावर चढण्याआधी. हे आणि रद्द झाल्यास किती परत, असं दोन ओळींत व्हॉट्सॲपवर लिहून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. उशीर कुणामुळे झाला तर काय, हेही लिहा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. वर्षातल्या मोजक्या, सरकारने ठरवलेल्या दिवशीच बारापर्यंत सवलत असते. भाषणं लांबली आणि तुम्हाला पंचवीस मिनिटं उरली, तरी मानधन पूर्ण, असं ठरलेलं असावं.

जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या दीड लाखापर्यंतच्या सादरीकरणाला सूट आहे, पण ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार असलेला बँड ‘लोककला’ ठरेल असं गृहीत धरू नका. सीएला विचारा.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाने गणपतीत बोलावलं आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन मानधन ‘भेट’ म्हणून घेतलं तर? — डोंबिवली

नको. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन वाजवता येत नाही, आणि तुमची पोस्टरं इंटरनेटवर विमानाआधी पोचलेली असतात. लोकपरंपरेशी जोडलेल्या कलावंतांसाठी पी-३ हा वर्ग आहे. अर्ज तुम्ही नव्हे, तिथल्या आयोजकाने आय-१२९ या नमुन्यावर करायचा असतो. सोबत कामगार संघटनेचं अभिप्रायपत्र, करार आणि तुमचं संगीत विशिष्ट परंपरेतलं आहे याचे पुरावे लागतात : वृत्तपत्रातले लेख, जाणकारांची पत्रं. रॉकचा भाग जास्त दाखवलात तर हा मुद्दा कमजोर होतो, म्हणून पुराव्यात संबळ, तुणतुणं आणि गोंधळाची परंपरा पुढे ठेवा. गणपतीसाठी जायचं तर कामाला निदान सहा महिने आधी लागा. एकाच शहरासाठी हा खर्च निघत नाही, तीन-चार मंडळांनी मिळून एकाच आयोजकामार्फत अर्ज करणं बरं.

वाद्यांसाठी एटीए कार्नेट काढा, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेऊन जकात न भरता परत आणण्याचा कागद. भारतात तो फिक्की ही उद्योगसंघटना देते. शिसवी लाकडाच्या तयार गिटारला २०१९ पासून साइट्स (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवुडला मात्र नाही, जुनी महागडी गिटार असेल तर तपासा. कातड्याची वाद्यं विमानतळावर न लपवता घोषित करा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीत. गिटारच्या तारा अर्ध्या-एक सुराने सैल करून ठेवा, आणि ढोलकीच्या दोन जादा पुड्या बरोबर घ्या. तिथे त्या मिळणार नाहीत.